दहा ग्रॅमचे विजेवरचे विमान: कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

चवथीच्या मखराचा उरलेला थर्माकोल माळ्यावर पडून होता आणि नववीतला भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे फोंड्याला राहायला यायचा होता. या दोन गोष्टी जुळून आल्यामुळे अनेक वर्षे मनात असलेले काम अखेर हाती घेतले. विजेच्या छोट्या मोटरीवर चालणारे, पण रिमोट नसलेले विमान करायचे आहे. हातातून सुटले की त्याने आपण होऊन चढावे आणि मोटर थांबली की आपण होऊन तरंगत खाली यावे, एवढीच अपेक्षा आहे.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युलरी बागेत फ्रेंच संशोधक आल्फाँस पेनो यांनी रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवले आणि ते ११ सेकंद हवेत राहिले. आमचेही पहिले लक्ष्य तेच ११ सेकंद ठरवले. पंखांची लांबी ३८ सेंटिमीटर, रुंदी साडेसात सेंटिमीटर आणि एकूण वजन १२ ग्रॅमच्या आत असे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा ४८० रुपयांना घेतला. या कामात त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही हत्याराचा झाला नाही, म्हणून ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी सर्वांत आधी तो घ्यावा.

१५ ऑक्टोबर

थर्माकोलचे तीन मिलिमीटर जाडीचे काप काढण्यासाठी लाकडी चौकटीत नायक्रोमची तार ताणली आणि जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ती तापवली. पहिले चार काप वाया गेले, कारण तार जास्त तापली होती आणि हात मध्येच थांबला की त्या जागी खोल चर पडत होता. तारेची लांबी वाढवल्यावर उष्णता कमी झाली आणि काप सरळ निघू लागला. तार लाल दिसत असेल तर ती फार तापली आहे असे समजावे. पंखाचा एक काप १.३० ग्रॅम भरला.

घाईमुळे एक चूक झाली. पंखाचे दोन तुकडे जोडताना झटपट चिकटणारा सायनो डिंक वापरला आणि डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून सांध्यात बोट जाईल एवढा खड्डा पडला. हा डिंक थर्माकोल खातो हे मला ठाऊक असायला हवे होते. त्यानंतर सर्व सांधे पांढऱ्या फेव्हिकॉलने केले, तेही थोडे पाणी घालून आणि काडीच्या टोकाने लावून. एरवी दोन तासांत वाळणारा हा डिंक आपल्याकडच्या दमट हवेत रात्रभर ओला राहतो. दुसऱ्या दिवसापर्यंत सांध्याला हात लावायचा नाही असा नियम केला.

१९ ऑक्टोबर, नरकचतुर्दशीची पूर्वसंध्या

विमानाचा कणा माडाच्या हिराचा (पातीच्या मधल्या काडीचा) करायचा विचार केला, कारण हीर बुडाशी जाड आणि टोकाला आपोआप बारीक होत जातो. मोटर जाड बाजूला आणि शेपटी बारीक बाजूला बसते. पण ओल्या चुडताचे (माडाच्या झावळीचे) हीर घेतले होते, ते दोन दिवसांत वाळून धनुष्यासारखे वाकले. शेवटी आकाशकंदिलासाठी आणलेल्या वाळलेल्या बांबूची कामटी तासून ३० सेंटिमीटरचा कणा केला, तो १.१५ ग्रॅम भरला. हीर वाया गेले नाहीत. जुन्या केरसुणीतले पक्के वाळलेले दोन हीर पंखाच्या खालच्या बाजूने चिकटवले आणि पंख मधून मोडण्याची भीती गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

मोटरी आल्या. छोट्या ड्रोनमध्ये असते तशी, ६ मिलिमीटर व्यासाची आणि १५ मिलिमीटर लांबीची कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर घेतली आहे. एक मोटर १.९ ग्रॅमची. जोडीतली एक उजवी आणि एक डावी येते. तांबड्या-निळ्या तारांची एका दिशेसाठी आणि काळ्या-पांढऱ्या तारांची दुसऱ्या दिशेसाठी. आम्ही काळ्या-पांढऱ्या तारांची निवडली, म्हणजे विमानाच्या मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पंखा ५५ मिलिमीटरचा, तोही ड्रोनचाच, थेट दांड्यावर दाबून बसवायचा.

इथे अर्धा दिवस गेला. मोटर फिरत होती, वारा येत होता, पण काट्यावर उभी करून मोजला तर जोर अपेक्षेच्या निम्माही नव्हता. पंखा उलटा बसवला होता. पात्याची फुगीर बाजू विमान ज्या दिशेने जाणार त्या दिशेला हवी. पंखा काढताना मोटरीचा दांडा थोडा ओढला गेला आणि ती मोटर त्यानंतर घरघर करू लागली, म्हणून बाजूला ठेवली. पंखा काढताना मोटरीचे डबडे धरून ओढू नये. पंखा आणि डबडे यांच्यामध्ये पातळ पत्र्याची चीर सरकवून तो सारखा वर उचलावा.

वीजपुरवठ्यासाठी ७० मिलिअँपिअर-तासांचा एका सेलचा लिथियम-पॉलिमर घेतला. पण रिमोट नसलेल्या विमानात भरलेला सेल ही जबाबदारीची गोष्ट आहे. मोटर चार-पाच मिनिटे चालली तर विमान कुठल्या कुठे जाईल. म्हणून एटीटायनी-८५ ही छोटी चिप आणि एक मॉसफेट (विजेने चालणारा छोटा स्विच) वापरून १२ सेकंदांनी मोटरीची वीज तोडणारा टायमर केला. बटण दाबले की दिवा तीनदा लुकलुकतो आणि मग मोटर सुरू होते. सर्व मिळून विमान ९.८ ग्रॅम.

२ नोव्हेंबर, रविवार

आमच्या वाड्याखालच्या मळ्यात भातकापणी झाली आहे आणि मालकांनी परवानगी दिली आहे. वायंगणासाठी, म्हणजे उन्हाळी भातासाठी, मळ्यात पाणी सोडेपर्यंत आमच्याकडे साधारण सहा रविवार आहेत. सकाळी साडेसहा ते आठ एवढीच वेळ कामाची. नऊनंतर वारा उठतो आणि पुढे समुद्रावरचा वारा आत येऊ लागला की दहा ग्रॅमची वस्तू हवेत सोडणे व्यर्थ आहे.

आधी मोटर बंद ठेवून हातातून तरंगत सोडून पाहिले. खांद्याच्या उंचीवरून सात मीटर गेले आणि नाक खाली घालून उतरले. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून २६ मिलिमीटरवर होता, तो सेल सरकवून ३० वर नेला आणि पंखाची पुढची कड कार्डाचा तुकडा घालून दोन मिलिमीटर उचलली. त्यानंतर नऊ मीटर सरळ गेले.

मग मोटर लावली. विमान हातातून सुटले, नाक आभाळाकडे केले, पूर्ण गोल उलटे फिरले आणि आमच्या पायांशी आपटले. तीनदा तेच झाले. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि त्यावर या मोटरीचा जोर विमानाच्या वजनापेक्षा जास्त भरतो. आम्ही वजन कमी करण्याच्या मागे लागलो होतो आणि ताकद किती द्यायची याचा विचारच केला नव्हता.

५ नोव्हेंबर

चिपमधला प्रोग्रॅम बदलला. मोटरीला सलग वीज न देता तुकड्या-तुकड्यांनी द्यायची आणि सुरुवातीला एका सेकंदात हळूहळू वाढवत ५५ टक्क्यांवर न्यायची. मोटर तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे झुकवून बसवली. झुकवण्यासाठी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पट्ट्या वापरल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिले विमान गेले.

सहा उड्डाणे चांगली झाली, त्यांतले एक १९ सेकंदांचे, म्हणजे पेनो यांच्या ११ सेकंदांच्या पुढचे. सातव्यात विमान उजवीकडे मोठा फेरा घेत चढले, बारा सेकंद झाले, आणि मोटर थांबली नाही. भाचा मोठ्याने आकडे मोजत होता. वीस म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले, तीसवर मोजायचे थांबवले. "मामा, ही थांबतच नाही." विमान माडांच्या शेंड्यांवर गेले, शेजारच्या कुळागरावरून (माड-पोफळींच्या बागेवरून) एक फेरा मारला आणि झावळ्यांत दिसेनासे झाले. मोटरीचा बारीक आवाज त्यानंतरही थोडा वेळ ऐकू येत होता. दोन तास कुळागरात शोधले, पण पोफळींच्या खाली काहीच मिळाले नाही.

११ नोव्हेंबर

दुसरा टायमर हाताशी होता, तो टेबलावर जोडून पाहिला. पहिली चार वेळा बरोबर बारा सेकंदांनी मोटर थांबली. सेल निम्मा उतरल्यावर मात्र विचित्र गोष्ट दिसली. मोटर चालू असताना सातव्या सेकंदाला ती क्षणभर दबकली, दिवा तीनदा लुकलुकला आणि मोटर पुन्हा सुरू झाली. पुढे नवव्या सेकंदाला परत तेच. दिवा तीनदा लुकलुकतो तो फक्त प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू झाल्यावर. म्हणजे चिप मध्येच दचकून नव्याने सुरू होत होती आणि बारा सेकंदांची मोजणी दर वेळी शून्यावर येत होती. उन्हात उडणाऱ्या विमानाचा एवढासा दिवा आम्हाला कसा दिसणार होता?

मल्टिमीटरवर व्होल्टेज ३.२ दिसत होते, त्यामुळे सुरुवातीला सेलवर संशय आला नाही. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. मोटरीच्या ब्रशांच्या ठिणग्यांमुळे व्होल्टेज क्षणाक्षणाला खाली जाते, आणि चिप २.७ व्होल्टच्या खाली आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हावी असे मी स्वतःच ठरवून ठेवले होते. सेल ताजा असताना ते खड्डे २.७ पर्यंत पोचत नव्हते, उतरल्यावर पोचू लागले. आधीच्या सहा उड्डाणांत हे का झाले नाही आणि सातव्यात का झाले, याचे उत्तर तेच.

दुरुस्ती अशी केली: मोटरीच्या दोन्ही टोकांवर १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) डाख देऊन जोडला, चिपला वीज शॉट्की डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) दिली आणि चिपच्या बाजूला ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवला, जेणेकरून मोटरीने ओढलेला खड्डा चिपपर्यंत पोचू नये. बंद पडण्याची मर्यादा १.८ व्होल्टवर आणली. मॉसफेटच्या गेटपासून (तो चालू-बंद करणाऱ्या टोकापासून) सेलच्या ऋण बाजूकडे १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, तो मी आधी अनावश्यक समजून गाळला होता. त्यानंतर सेल उतरेपर्यंत वीस वेळा चालवले आणि एकदाही चूक झाली नाही. ज्यांना टायमरच करायचा आहे त्यांनी हे चारही बदल पहिल्यापासून करावेत.

तरीही हे विमान टायमरवर पुन्हा सोडायला मन तयार नाही. चिप कितीही नीट केली तरी सेलमध्ये चार मिनिटांची वीज आहे आणि ती अडवण्याचे काम एका डाखावर अवलंबून आहे. विमानात वीजच मोजकी भरली तर अडवायचे काही उरणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

म्हणून सुपरकॅपॅसिटर, म्हणजे नेहमीपेक्षा खूप जास्त वीज साठवणारा कॅपॅसिटर. कॅपॅसिटर रिकामा होत जातो तसे त्याचे व्होल्टेज खाली येत जाते, मोटरीचा जोर हळूहळू ओसरतो आणि विमान न झटका खाता तरंगू लागते.

मी घाईने ५.५ व्होल्ट, १ फॅरडचे, नाण्याच्या आकाराचे दोन मागवले होते. व्होल्टेज जास्त म्हणून ते चांगले वाटले. जोडल्यावर मोटर जागची हललीही नाही, बोटाने फिरवली तर अर्धी गिरकी घेऊन थांबली. हा प्रकार घड्याळाची किंवा मेमरीची वीज राखण्यासाठी असतो आणि त्याचा आतला रोध कित्येक ओहमांचा असतो. त्यातून मोटरीला लागणारा प्रवाह निघूच शकत नाही. १८० रुपये आणि एक आठवडा गेला. त्या आठवड्यात दुसरे विमान बांधून झाले, एवढेच समाधान.

२२ नोव्हेंबर

योग्य कॅपॅसिटर आला: २.७ व्होल्ट, १० फॅरड, नळीच्या आकाराचा, ३.२ ग्रॅम. सेल आणि टायमर दोन्ही निघाल्यामुळे विमानाचे वजन जवळपास तेवढेच, ९.९ ग्रॅम, राहिले. आता विमानात मोटर, कॅपॅसिटर, एक बारीक स्विच आणि दोन तारा, बाकी काही नाही.

भरायला पेन्सिल सेलच्या आकाराचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल एकामागे एक जोडले. दोन मिळून साधारण २.६ व्होल्ट देतात, त्यामुळे २.७ ची मर्यादा ओलांडत नाही. मात्र चार्जरवरून नुकतेच काढलेले सेल प्रत्येकी १.४ व्होल्टपर्यंत दाखवतात, म्हणून ते रात्रभर ठेवून मगच वापरायचे. साधे अल्कलाइन सेल दोन जोडले तर तीन व्होल्ट होतात आणि कॅपॅसिटरला ते चालत नाहीत. मध्ये १ ओहमचा, ५ वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर घातला, तो नसता तर पहिल्या क्षणी सेलवर फार ओढ आली असती.

घड्याळ लावून मोजले. १० सेकंद भरल्यावर १.५ व्होल्ट, २० सेकंदांनी २.१ आणि ३० सेकंदांनी २.४. हे आकडे मला या संपूर्ण कामात सर्वांत मोलाचे वाटतात, कारण आता किती सेकंद भरायचे एवढ्यावर विमानाची ताकद ठरवता येते. प्रोग्रॅम बदलायला नको, संगणक मळ्यात न्यायला नको. बटण नाही, चिप नाही, भाच्याने "एक, दोन, तीन" मोजायचे एवढेच.

एकदा घाईत तारा उलट लागल्या. दोन सेकंदांत लक्षात आले आणि कॅपॅसिटर वाचला, पण उलट व्होल्टेज त्याला मारक आहे. त्याच संध्याकाळी एकाच बाजूने बसणारे दोन पिनांचे कनेक्टर लावले.

३० नोव्हेंबर, रविवार

पावणेसातला मळ्यात पोचलो. खुंटांवर दव होते आणि वारा अजिबात नव्हता.

१० सेकंद भरून सोडले. विमान उंच न जाता डोक्याएवढ्या उंचीवर सरळ गेले, मग हळूहळू डावीकडे झुकत उतरले. पंखा मागून पाहता उजवीकडे फिरतो, म्हणून विमानाला डावीकडे कलवतो, ही ओढ कमी ताकदीवरही स्पष्ट दिसली. मोटरीखालची पत्रिकेची आणखी एक पट्टी वाढवून उजवा झुकाव तीन अंश केला. पुन्हा १० सेकंद. या वेळी सरळ.

१५ सेकंद भरल्यावर ते दीड माणूस उंच चढले आणि तरंगताना मात्र डावीकडे घट्ट फेऱ्यात गेले. मी सुकाणू वळवायला निघालो होतो, पण सुकाणू जोर असतानाही काम करते आणि जमलेले बिघडले असते. त्याऐवजी शेपटीचा आडवा पंख तिरका केला, उजवे टोक तीन मिलिमीटर वर. विमान शेपटीच्या उचललेल्या टोकाच्या बाजूला वळते. याचा परिणाम तरंगताना जास्त जाणवतो, कारण तेव्हा पंख्याची ओढ उरलेली नसते. एकदा प्रमाणाबाहेर गेले, दीड मिलिमीटरवर आणले, मग जमले.

२० सेकंद भरल्यावर उजवीकडे रुंद फेऱ्यांत चढत गेले. मोटरीचा आवाज उंच सुरातून हळूहळू खाली उतरत गेला आणि नेमका कुठल्या क्षणी थांबला ते सांगता आले नाही. विमान तसूभरही दचकले नाही. चढता चढता सपाट झाले, सपाट चालता चालता तरंगू लागले. २४ सेकंद.

आज एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहिल्याशिवाय पुढचे उड्डाण करायचे नाही, हे आम्ही पाळले. चौदा उड्डाणे झाली, मोडतोड शून्य.

७ डिसेंबर, रविवार

३० सेकंद भरून पाच उड्डाणे केली: २९, ३३, ३१, ३६ आणि ३४ सेकंद. उंची अंदाजे दोन मजली घराच्या कौलांएवढी. सर्वांत दूरचे विमान चाळीस पावलांवर उतरले, म्हणजे मळ्याच्या आतच. ४० सेकंद भरूनही एकदा पाहिले. व्होल्टेज जेमतेम २.५ झाले आणि सुरुवातीला नाक वर जाऊ लागले, म्हणून ३० वरच थांबायचे ठरवले.

साडेआठच्या सुमारास पलीकडच्या सड्याच्या कडेवर दोन घारी पंख न हलवता गोल फिरत वर जाताना दिसल्या. कातळ तापून गरम हवा वर उठू लागल्याची ती खूण आहे आणि आमच्या विमानालाही तीच हवा उचलून नेऊ शकते. मोठ्या मुक्त उड्डाणाच्या विमानांत ठरावीक वेळेनंतर शेपटी वर उचलून विमान खाली आणण्याची सोय असते, ती इतक्या लहान विमानात आम्ही केलेली नाही. भाच्याला आणखी एक उड्डाण हवे होते, पण सामान आवरले.

१३ डिसेंबर

खर्च लिहून ठेवतो. काटा ४८०, मोटरींच्या दोन जोड्या ३६०, पंखे १२०, दोन लिथियम सेल ५२०, चिप, मॉसफेट आणि सुटे भाग ३१०, नाण्याचे कॅपॅसिटर १८०, दहा फॅरडचे तीन ३३०, रेझिस्टर, सेलची डबी आणि कनेक्टर १४०, कुरिअर २९०. एकूण २,७३० रुपये. यांतले लिथियम सेल, टायमर आणि चुकीचे कॅपॅसिटर मिळून १,०१० रुपये अंतिम विमानात कुठेच नाहीत. मोटरींची एक जोडी, पंखे, एक कॅपॅसिटर आणि भरण्याचे सामान एवढेच घेतले असते तर काटा सोडून साडेपाचशेच्या आसपास भागले असते. नऊ आठवड्यांतले तीन आठवडे टायमरवर गेले.

काल शेजारच्या कुळागरात नारळ काढायला पाडेली आला होता. त्याने तिसऱ्या माडावरून पहिले विमान खाली आणून दिले. थर्माकोलमध्ये मुंग्यांनी घर केले आहे, एक पंख उंदराने कुरतडला आहे, लिथियम सेल फुगला आहे. तो काढून अंगणात वाळूच्या डब्यात ठेवला. मोटर पुसून भरण्याच्या दोन सेलांना लावून पाहिली, ती फिरते. भाच्याने ती स्वतःच्या विमानासाठी मागून घेतली. त्याचा कणा तासून झाला आहे. मळ्यात आज पाणी सोडले, त्यामुळे उडवणे आता वायंगणाची कापणी झाल्यावर.